समुद्राकाठच्या घरात गोवा दिसू दे

मा. संपादक,

मोरजीकडे हल्ली किनाऱ्यावरची घरं सजवतात ती सगळी सारखीच, पांढऱ्या भिंती, मोठ्या काचा आणि ऑनलाइन मागवलेलं जहाजाच्या नांगराचं शोपीस, बघून खरंच वाईट वाटतं. आपल्याकडे काय कमी आहे? बाल्कांवातले सोपे (घरापुढच्या ओसरीतली बांधीव बाकं), चुन्यावर लाल मातीची कावी चित्रं, कुणबी कापडाच्या लाल चौकटी, आणि काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्या तर विचारूच नका, दुपारचं ऊन आत येताना किती मऊ होतं! ते शिंपले आता संरक्षित आहेत म्हणून नवे काढायला नको, जुनं घर मोडताना खिडक्यांचे पल्ले (झडपा) मिळतात तेच वापरा. लोखंडी स्टँड मात्र नको, खाऱ्या वाऱ्यात लगेच गंजतात. आमच्याकडे आजीची लाकडी पेटीच टीपॉय झालीय, पाहुणे आधी तिच्याबद्दलच विचारतात.

एक वाचक, पेडणे