फेरीबोटीत मावणारा खेळ

चोडण, तिसवाडी

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान काढताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझा जुना ब्रिक गेम, ते हातात धरून विटांचा खेळ खेळायचे यंत्र, तुला सापडला आणि "बाबा, यात तुम्हांला काय एवढं दिसायचं?" असे तू हसत विचारलेस. पाहुण्यांच्या गडबडीत उत्तर राहून गेले, ते आज लिहितो.

पणजीला नोकरीला लागलो तेव्हा रोज सकाळी चोडणहून रायबंदरला फेरीबोटीने जावे लागे. मांडवी ओलांडायला लागणाऱ्या त्या थोड्या मिनिटांत वर्तमानपत्रही धड वाचून होत नसे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हे यंत्र घेतले. खोक्यावर ९९९९ खेळ असे छापलेले होते. प्रत्यक्षात खेळ मोजकेच, बाकी सारा आकडा वेगांचा आणि पायऱ्यांचा. तरीही राग आला नाही, कारण मला विटांचा एकच खेळ हवा होता.

तो खेळ म्हणजे टेट्रिसची नक्कल. मूळ खेळ अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत रचला. वरून एकेक करून पडणाऱ्या चार चौकोनांच्या सात आकृती, दहा घरे रुंद आणि वीस घरे उंच पट, आणि आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते, एवढाच त्याचा पसारा. बोट सुटताना बटण दाबावे आणि रायबंदरचा धक्का येईपर्यंत हरून मोकळे व्हावे. हरलो तर दोष आपलाच. ती उभी दांडी येईल म्हणून कडेची एक फट राखून ठेवली, दांडी आली नाही आणि वरून विटा साचत गेल्या, हे डोळ्यांसमोर घडत असे. म्हणूनच लगेच पुन्हा खेळावेसे वाटे.

साधेपणा नाइलाजाने येतो असे तू म्हणालास, ते मला पटत नाही. निन्टेन्डो या जपानी कंपनीचे गुनपेई योकोई यांनी १९८० मध्ये गेम अँड वॉच हा हातातला खेळ काढला, तो कॅल्क्युलेटरसारख्याच स्वस्त पडद्यावर. १९८९ चा त्यांचा गेम बॉयही रंगाविना होता, पण चार पेन्सिल सेलवर कितीतरी तास चाले. त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्स या तशाच यंत्राला रंगीत पडद्यापायी सहा सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. रंग टाळणे हा तिथे विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

तू पुण्याहून पाठवलेला खेळ परवा मी फेरीत उघडला. चित्रे देखणी आहेत, यात शंका नाही. पण आधी खाते उघडा, मग संमती द्या, मग नवी फाईल उतरवा, एवढे होईपर्यंत धक्का आला आणि मागचा स्कूटरवाला हॉर्न वाजवू लागला. तू स्वतः खेळ बनवायला शिकतो आहेस, म्हणून एवढे लक्षात घे.

पेटीतले यंत्र मी दुरुस्त केले आहे. पावसाळी हवेने सेलच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढला होता, तो खोडरबराने घासून काढला. डाव्या बटणाला मात्र अजून अंगठ्याचा जोर लागतो. सेल काढले की त्यातला विक्रम पुसला जातो. तू लहान असताना तुझ्या आईने रात्री बसून केलेला विक्रम मला महिनाभर मोडता आला नाही, तेव्हा एकदा मी मुकाट्याने सेल काढून ठेवले होते. हे तिला अद्याप ठाऊक नाही. तूही सांगू नकोस.

तुझे,
बाबा