वाड्यावरची खोली बंद झाली, आता ही पोरं कुणाला सांगणार?

मा. संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वास्कोच्या बाजूला राहते. हे पत्र गेले तीन आठवडे लिहू लिहू म्हणतेय, पण रोज बाजारातनं येताना त्या खोलीवरचं कुलूप दिसतं आणि पोटात कालवतं, म्हणून आज बसलेच लिहायला.

आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, एका संस्थेचा संध्याकाळचा वर्ग चालायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेपाच ते साडेसात. पोरं शाळेच्या बसमधनं, बालरथातनं, उतरायची, दप्तर घरात फेकायची आणि धावत यायची, आणि जी शाळेतच जात नाहीत, भंगार गोळा करतात नाहीतर गाड्यावर भांडी घासतात, तीपण यायची, कारण तिथे कॅरम होता आणि कुणी विचारत नसे की तू कुठल्या शाळेचा. अभ्यास घ्यायचे, खेळ घ्यायचे, आणि आठवड्यातून एकदा शरीराबद्दल बोलायचे. मोठ्या कागदावर एका पोराला झोपवून त्याच्याभोवती पेन फिरवून आकृती काढायची आणि मग लाल स्केचपेनने रंगवायचं, कुठे कुणी हात लावलेला चालणार नाही. चौदा-पंधराच्या पुढच्यांना वेगळं बसवून एचआयव्ही म्हणजे काय, कसा होतो, कसा होत नाही, टेस्ट कुठे फुकट होते, नाही म्हणायचं म्हणजे काय, समोरची नाही म्हणाली तर आपण काय करायचं, हे सगळं. आयांची मीटिंग महिन्यातनं एक रविवारी चार वाजता, कारण लोकांकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईला तेवढाच वेळ मोकळा मिळतो. हे सगळं चालवणारी ताई ह्याच वाड्यावर वाढलेली, तिला कोंकणी येते, मराठी येते, आणि घरातली भाषा कन्नड, त्यामुळे कुठली आई काय लपवतेय ते तिला बरोबर कळायचं.

प्रोजेक्ट मार्चमध्ये संपला. पैसे बंद, वर्ग बंद. कॅरम आत आहे आणि बाहेर कुलूप.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगते, ओळख पटेल असं काही सांगत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा, रात्री गाड्यावर कामाला. एका बुधवारी तो वर्गात आला आणि कॅरमला बसलाच नाही, एरवी स्ट्रायकरसाठी मारामारी करणारा पोरगा. अंगातला रेनकोटपण काढला नाही, कोपऱ्यात तसाच ओला बसून राहिला. ताईने काही विचारलं नाही, नुसता चहा दिला. शुक्रवारी परत तसाच बसला, आणि साडेसहाच्या सुमाराला सगळी पोरं बाहेर गेल्यावर त्याने सांगितलं. मंगळवारी रात्री गाडा बंद झाल्यावर एका नेहमीच्या गिऱ्हाईकाने घरी सोडतो म्हणून स्कूटरवर बसवलं होतं.

ताईने बोटं मोजली. मंगळवारी रात्री दहा ते शुक्रवार रात्री दहा म्हणजे बहात्तर तास. तिला माहीत होतं कारण तिला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं, की अशा प्रसंगानंतर एचआयव्ही होऊ नये म्हणून जी औषधं देतात ती जितकी लवकर तितकी चांगली आणि 72 तासांच्या आत सुरू व्हायला लागतात, नंतर उपयोग नाही. मुलाच्या आईला कामावरनं बोलावून घेतलं, रिक्षा केली आणि साडेआठला सरकारी हॉस्पिटलात. पहिली गोळी त्याच रात्री पोटात गेली.

पोलिसांचंही झालं. पॉक्सो कायद्याखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा 2012 चा कायदा, मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्याने कळवायलाच पाहिजे, ताईलाही ते टाळता येत नव्हतं आणि तिने टाळलंही नाही. पण लोक ह्याच भीतीने हॉस्पिटलात जात नाहीत की आधी पोलीस स्टेशनला जावं लागेल, म्हणून मुद्दाम लिहिते, एफआयआर झालेली नसली तरी डॉक्टरांनी मुलाला तपासायचं असतं, कायद्यातच तसं आहे. आणि जबाब घ्यायला येणारा पोलीस युनिफॉर्ममध्ये नसावा, मूल जिथे राहतं किंवा म्हणेल तिथे जबाब घ्यावा, हेही त्यात आहे. आणि हा कायदा मुलग्यांनाही लागतो, फक्त मुलींना नाही. आमच्याकडे अजून लोक म्हणतात मुलग्याला काय होतं. गोव्याने तरी असं म्हणू नये, 1991 साली मडगावला फ्रेडी पीट्सचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा अनाथाश्रमाच्या नावाखाली ज्यांचे हाल झाले त्यांत मुलगे होते ना.

औषध 28 दिवस घ्यायचं असतं, एक दिवस न चुकवता. एका खोलीचं घर, सावत्र बाप दारू पिणारा, गोळ्यांची बाटली ठेवणार कुठे. म्हणून बाटली ताईच्या घरी. रोज रात्री आठ वाजता पोरगा यायचा, सुरुवातीला मळमळायचं म्हणून ताई आधी अर्धा उंडा पाव आणि भाजी खायला द्यायची, मग गोळी, आणि मग तो कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने खडूने एक रेघ मारायचा. शेवटच्या आठवड्यात देव दामोदराचा सप्ताह आला, सगळं वास्को रस्त्यावर, जत्रेची फेरी भरलेली, गर्दी म्हणजे पाऊल ठेवायला जागा नाही, त्यात तो पोरगा आठ वाजता बरोबर दारात. अठ्ठावीस रेघा मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात. तीन महिन्यांनी टेस्ट निगेटिव्ह आली तेव्हा ताई मला येऊन सांगताना रडत होती.

आता मला सांगा, हे त्याने कुणाला सांगितलं असतं? शाळा सोडलेली, घरी बाप मारतो, गाड्याचा मालक म्हणणार गिऱ्हाईक तोडू नको. 1098 हा मुलांसाठीचा नंबर आहे, 1097 एचआयव्हीच्या माहितीसाठी आहे, दोन्ही चांगले आहेत, प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर लावा. पण पंधरा वर्षांचा पोरगा असलं काही अनोळखी माणसाला फोनवर पटकन सांगत नाही. ज्या बाईने दोन वर्षं त्याच्याशी कॅरम खेळलाय तिला सांगतो. 1 डिसेंबरला, एड्स दिनाला, रॅली होते, मीसुद्धा शाळेत असताना पोरांना घेऊन गेलेय, टोप्या घालून घोषणा देत, आणि मला ते आवडायचंही. पण रॅलीत कुठलं मूल कानाशी येऊन काही सांगत नाही.

हिंसा वेगळी आणि एचआयव्ही वेगळा असं कागदावर दिसतं, म्हणजे एक खातं महिला बाल, दुसरं आरोग्य, दोन फायली. वाड्यावर ती एकच गोष्ट असते. ज्या मुलीला घरात मार बसतो ती लवकर घर सोडते, जो पहिला गोड बोलेल त्याच्यामागे जाते, आणि त्याला कंडोम वापर म्हणून सांगायची तिची हिंमत नसते. जिला एचआयव्ही आहे ती नवऱ्याच्या भीतीने गोळ्या लपवून घेते, मग चुकवते, मग सोडते. ती गरोदर असेल तर बाळाला धोका. औषध न घेता आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात 15 ते 45 असतं आणि नीट औषध घेतलं तर 5 च्या खाली येतं, इतका फरक आहे, आणि गोळ्या 2004 पासून सरकारी सेंटरवर फुकट आहेत. गोळी फुकट आहे हो, पण ती खायला घरात शांतता लागते.

दक्षिण आफ्रिकेत ईस्टर्न केप भागात 'स्टेपिंग स्टोन्स' नावाचा कार्यक्रम 70 गावं-वस्त्यांत करून बघितला, 15 ते 26 वयाची मुलं-मुली, मिळून पन्नासेक तास, नुसतं लेक्चर नाही, नाटक, चर्चा, आपलीच उदाहरणं. 2008 साली त्यातून काय निघालं ते सांगते. नव्या एचआयव्हीत मोठा फरक दिसला नाही, हे खरं ते सांगायला पाहिजे, पण जननेंद्रियाला होणारा हर्पिस हा आजार साधारण एक तृतीयांशाने कमी झाला आणि मुलग्यांनी जोडीदाराला मारणं कमी केलं, दोन वर्षांनंतरही. मला त्यातलं पन्नास तास हे महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे एका शाळेत एक तास आणि फोटो.

बायणाचं, म्हणजे वास्कोच्या किनाऱ्यावरच्या वेश्यावस्तीचं, उदाहरण तर आपल्या दारातलं. 2004 च्या जूनमध्ये, ऐन पावसात, बायणाची घरं पाडली. पाडणं बरोबर की चूक ह्यावर लोक अजून भांडतात, मी त्यात जात नाही. मला आठवतं ते माझं हजेरीपत्रक. शाळा सुरू होऊन आठवडा झाला नव्हता आणि अकरा नावांपुढे गैरहजर, गैरहजर, गैरहजर. कुठे गेली कुणाला ठाऊक नाही. त्या बायकांबरोबर वर्षानुवर्षं काम केलेले कार्यकर्ते त्यांना शोधत फिरत होते. ओळख व्हायला वर्षं लागतात आणि तुटायला एक सकाळ पुरते. आत्ता आमच्याकडे बुलडोझर नाही आला, नुसती फंडाची तारीख संपली, पण पोरांच्या बाजूने बघितलं तर ताई गेली ती गेलीच.

आणि शेजाऱ्यांचं पण बोलायला हवं, कारण मूल गप्प बसतं ते बऱ्याचदा शेजाऱ्यांना घाबरून. ह्या राज्याने 1989 साली डॉमिनिक डिसोझाला, रक्तदान करायला गेलेल्या तरुण माणसाला, टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून पोलिसांकरवी उचलून म्हापशाच्या जुन्या टीबी हॉस्पिटलात 64 दिवस ठेवला होता. जुनी गोष्ट म्हणाल, तर 2014 ला रिवणला 13 एचआयव्हीग्रस्त मुलांना शाळेत घेऊ नका म्हणून बाकीचे पालक उठले आणि ती मुलं त्या शाळेला मुकली. एका बाकावर बसून, एका नळाचं पाणी पिऊन एचआयव्ही होत नाही हे त्या पालकांनी कधी ऐकलं नसेल असं नाही, ऐकलं असेल, पण घरात बसून निवांत कुणी समजावलं नसेल, प्रश्न विचारू दिले नसतील. सप्ताह तरी कसा सुरू झाला सांगतात, वास्कोत साथ आली, लोकांनी जांबावलीला जाऊन दामोदराकडे गाऱ्हाणं घातलं आणि सगळे एकत्र आले. रिवण जांबावलीपासून कितीसं लांब. आजारी माणसाला गावाबाहेर काढायची रीत काही आपल्या देवाने शिकवलेली नाही. आता 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, शाळेतून, नोकरीतून, घरातून असं काढता येत नाही, कुणाचा रिपोर्ट त्याच्या संमतीशिवाय बाहेर सांगता येत नाही. आयांच्या मीटिंगमध्ये ताईने हा कायदा दोन रविवार लावून सांगितला होता. पहिल्या रविवारी एक बाई उठून गेली. दुसऱ्या रविवारी तीच बाई शेजारणीला घेऊन आली.

माझं मागणं फार नाही. गोव्याने 2003 साली देशात आधी स्वतःचा बाल कायदा केला, मुलांसाठी वेगळं कोर्ट उभं केलं, हॉटेलवाल्यांवर जबाबदारी टाकली की नात्यातला नसलेल्या माणसाबरोबर मुलाला खोलीत जाऊ द्यायचं नाही. एवढं करणाऱ्या राज्याला अशा प्रत्येक वाड्यावर एक खोली आणि एका-दोघा ताईंचं मानधन जड जाऊ नये. ते प्रोजेक्टच्या नावाने तीन वर्षांपुरतं नको, पंचायतीच्या, पालिकेच्या बजेटमध्ये अंगणवाडीसारखं कायमचं धरा. आणि ताई बदलू नका. नवीन हुशार, समाजकार्य शिकून एमएसडब्ल्यू झालेली मुलगी आणाल, येऊ दे, पण जिला पोरं ओळखतात तिला आधी ठेवा. गावच्या बाल समित्या कागदावर आहेत तिथे विचारा शेवटची बैठक कधी झाली, वाचकांनीही ग्रामसभेत उठून विचारा.

ताई सध्या एका दुकानात कामाला लागलीय, तिचंही घर आहे. शुक्रवारी सुटी घेऊन ती माझ्याकडे येते आणि आम्ही दोघी माझ्या घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, पोरांना बसवतो. गेल्या शुक्रवारी चौदा आली. नऊच मावतात, बाकीची पायरीवर, आणि पाऊस लागला की पायरी भिजते. त्या खोलीची चावी कुणाकडे आहे ते मी दोन ऑफिसांत विचारून आले, दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. ज्यांच्याकडे असेल त्यांनी पावसाच्या आधी द्यावी, झाडलोट आम्ही करू.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, मुरगाव तालुका