मनू, त्या रात्रीचं बोलणं मागे घेतेय

प्रिय मनू,

फोनवर बोलायला गेले की माझा आवाज चढतो म्हणून टाइप करतेय. लॉ फर्मची एवढी चांगली नोकरी सोडून राज्यघटना शिकवायची म्हणजे वेडेपणा आहे असं मी म्हणाले होते, ते मागे घेते. पैशाची काळजी अजून आहेच, खोटं कशाला बोलू, तासिका तत्त्वावर म्हणजे शिकवाल त्या तासाचेच पैसे, सुट्टीत हात रिकामे, प्राध्यापकीची नेट परीक्षा पास झाली, पीएचडी झाली तरी कायमची जागा कधी निघेल ते कोणी सांगत नाही.

पण तू सांगितलेले ते जर्मन प्रोफेसर डीट्रिश कॉनराड डोक्यातून जात नाहीयेत. 1965 ला बनारसला येऊन एक लेक्चर दिलं, संसदेला घटना दुरुस्त करायचा अधिकार आहे, पण त्याच अधिकाराने घटनाच मोडून टाकता येईल का, एवढाच प्रश्न. ना अशील ना फी. आणि 1973 ला सुप्रीम कोर्टाच्या केशवानंद भारती खटल्याच्या निकालात, 13 न्यायाधीश, 7 विरुद्ध 6, न्यायमूर्ती खन्नांनी त्यांचंच म्हणणं आधाराला घेतलं, आणि घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही हे ठरलं. वर्गातलं बोलणं इथवर पोचतं हे मला माहीतच नव्हतं गं. बाबासाहेबसुद्धा 1935 ला आपल्या मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल झाले होते, आपण फक्त घटनाकार म्हणून हात जोडतो.

मी 31 वर्षं फोर्टात वकिलांकडे टायपिंग केलं. हिरव्या लेजर पेपरवर रिट पिटिशन, म्हणजे हायकोर्टात करायचे अर्ज, घटनेचे अनुच्छेद 226, 14, 21, बोटं आपोआप पडायची, चुकलं तर पूर्ण पान परत. पण 21 मध्ये आहे काय ते कोणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. गेल्या महिन्यात मेथी निवडताना तू सांगितलंस, की कायद्याने ठरवलेली रीत पाळल्याशिवाय कोणाचाही जीव किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही, ते नुसतं नागरिकाला नाही, कोणालाही लागू आहे, तेव्हा माझे हात थांबले होते. तुझं लक्ष नव्हतं. इतकी वर्षं मी हे टाइप करत होते.

तुझ्यासारखं समजावून सांगणारं कोणीतरी मला तेव्हा हवं होतं, म्हणून म्हणते, शिकव.

रविवारी येशील तेव्हा तुझा तो पेपर प्रिंट काढून आण, मोठ्या अक्षरात, मोबाइलवर मला वाचवत नाही.

तुझी,
आई