हेमाद्रीनं लिहिलं म्हणून?

संपादक महाशय,

कालच्या रविवार पुरवणीतला वरंगळच्या काकतीय राणी रुद्रमादेवीवरचा लेख वाचला. अर्धा लेख तिच्या पुरुषी वेशावरच, असू दे, तेच खपतं. पण "देवगिरीच्या महादेवराय यादवाने स्त्री म्हणून तिला उदारपणे सोडून दिले" हे एवढं बिनधास्त छापलंत? अहो हे लिहून ठेवलंय हेमाद्रीनं, आणि हेमाद्री यादवांच्याच पदरचा! आमचे महाराज मार खाऊन आले असं तो लिहिणार होता का? तेलुगू प्रतापरुद्रचरित्रात बरोब्बर उलटं आहे, तिनं यादवांना देवगिरीपर्यंत पिटाळलं आणि कोटभर सुवर्णमुद्रा वसूल केल्या. त्यातही तिखटमीठ असणारच, पण यादवांच्या मुलखात, बिदरच्या किल्ल्यात, तिच्या सामंताचा शिलालेख सापडलाय त्याचं काय करायचं?

मला एवढं झोंबायचं कारण आहे. आम्ही सोलापूरचे, घरात तेलुगू, बाहेर मराठी. मुलगी आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत याच राणीवर बोलली. मल्कापुरमचा 1261 चा शिलालेख, देणगीच्या उत्पन्नातून चालणारी प्रसूतिशाला आणि आरोग्यशाला, मोटुपल्लीचं बंदर, मार्को पोलोनं केलेलं कौतुक, तिच्यावर उलटलेला कायस्थ सामंत अंबदेव, पोरीला सगळं तोंडपाठ. तर परीक्षक माईकवरून म्हणाले, "बाळ, आपल्या राजानं तिला जीवदान दिलं ते विसरलीस." झालं, टाळ्या! पोरगी स्टेजवर हातातल्या कागदाच्या घड्या घालत उभी, आणि बक्षीस गेलं 'माझा आवडता पक्षी'ला. पक्ष्याबद्दल राग नाही. पण काल तेच वाक्य बघून वाटलं, ते परीक्षक आता तुमच्याकडे लिहायला लागले की काय.

आणि तो फोटो! रामप्पा मंदिर 1213 चं, तिच्या वडिलांच्या म्हणजे गणपतिदेवाच्या काळात रेचर्ला रुद्र या सेनापतीनं बांधलेलं, ही गादीवर आली 1262 च्या सुमारास, आणि खाली ओळ काय तर "राणीने उभारलेले मंदिर". तिचं काम बघायचं तर वरंगळच्या किल्ल्याचा बाहेरचा मातीचा तट आणि खंदक बघा, मलिक काफूरला आत घुसायला नाकी नऊ आले होते तिथं. पण मातीचा ढीग रंगीत पानावर कोण छापणार म्हणा.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया जरा दिसेल अशी छापा, मागच्या वेळेसारखी शब्दकोड्याच्या उत्तरांखाली नको.

— एक जुना वर्गणीदार, सोलापूर