खाणीच्या पैशांचा हिशेब आणि नौरू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्याच्या डिचोली तालुक्यात २०२४ साली लोहखनिजाची खाण पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून आपल्या पत्रांच्या सदरात दोनच बाजू वाचायला मिळतात. खाणी हव्यात, कारण ट्रकवाल्यांची पोटं त्यावर आहेत. खाणी नकोत, कारण शेतं आणि विहिरी गेल्या. दोन्हींत तथ्य आहे, आणि दोन्हीकडची माणसं माझ्या ओळखीची आहेत. पण जमिनीतून काढलेल्या दगडाचे जे पैसे होतात ते शेवटी कुठे जाऊन बसतात, याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. माझी सगळी नोकरी साखळीकडच्या एका पतसंस्थेत झाली, त्यामुळे मला तोच प्रश्न आधी पडतो. तो मांडण्यासाठी मला नौरू देशाबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल.

नौरू प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या जरा खाली आहे. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर. जगातलं सगळ्यात लहान प्रजासत्ताक. बेटाला वळसा घालणारा रस्ता साधारण १९ किलोमीटरचा, म्हणजे पणजी ते म्हापसा अंतराच्या दीडपट. लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास, साखळी पालिकेएवढीच म्हणा. अधिकृत राजधानी नाही, सरकारी कचेऱ्या यारेन भागात आहेत. संसदेत १९ सदस्य, आणि अध्यक्ष तेच निवडतात. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. नदी एकही नाही. सगळ्यात जवळचं बेट बानाबा, तेसुद्धा ३०० किलोमीटरवर.

माझे थोरले दीर तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला होते. ऐंशीच्या दशकात त्यांचं जहाज फॉस्फेट, म्हणजे खतासाठी लागणारा दगड, भरायला नौरूला गेलं होतं. तिथे आपल्या मुरगावासारखं बंदर नाही. किनाऱ्याला लागून प्रवाळाचा कडा, आणि त्याच्या पलीकडे समुद्र लगेच इतका खोल की नांगर टाकून उपयोग नाही. जहाज पाण्यावर तरंगणाऱ्या मोठमोठ्या बोयांना बांधून ठेवायचं. मग काठावरून दोन लोखंडी हात पाण्यावर पुढे यायचे आणि त्यांच्या पट्ट्यावरून माल थेट जहाजाच्या पोटात पडायचा. समुद्र खवळला की दोर सोडून बाहेर जायचं आणि शांत होईपर्यंत तरंगत राहायचं. डेकवर बसणारी ती फिकट धूळ दिवसातून कितीदा धुतली तरी परत बसायची, असं ते सांगत. मांडवीतून लाल ओर, म्हणजे लोहखनिज, भरून बार्ज जाताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यात नवं काही वाटणार नाही.

या बेटाचा मधला उंच भाग म्हणजे फॉस्फेटचा साठा, हे १९०० साली एका व्यापारी कंपनीतल्या अल्बर्ट एलिस यांच्या लक्षात आलं. बेट तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होतं. काही वर्षांतच खोदकाम सुरू झालं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनी मिळून ते चालवलं. खत त्यांच्या शेतांना स्वस्तात मिळालं, बेटावरच्या लोकांच्या हाती अगदी थोडं पडलं. दुसऱ्या महायुद्धात जपानने सुमारे १२०० नौरूवासीयांना प्रशांत महासागरातल्याच ट्रुक बेटांवर नेलं. त्यांतले ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ रोजी परत आले. पुढे १९६८ मध्ये स्वातंत्र्य घेताना त्यांनी तीच ३१ जानेवारी निवडली. हॅमर डीरॉबर्ट पहिले अध्यक्ष झाले आणि १९७० मध्ये खाणी देशाच्या मालकीच्या झाल्या. परक्यांनी लुटलं म्हणावं, तर इथून पुढचा कारभार त्यांचा स्वतःचा होता.

आणि सुरुवात चांगली होती. फॉस्फेट संपणार हे त्यांना माहीत होतं, म्हणून रॉयल्टीचा, म्हणजे खनिज काढण्याबद्दल मिळणाऱ्या मोबदल्याचा, एक ट्रस्ट केला. दरडोई उत्पन्नात हा चिमुकला देश जगातल्या पहिल्या काही देशांत जाऊन बसला. आयकर नाही, दवाखाना आणि शाळा फुकट. स्वतःची विमान कंपनी. मेलबर्नमध्ये ट्रस्टच्या पैशातून ५२ मजली इमारत उभी राहिली. भर काळात ट्रस्टकडे एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक मालमत्ता होती. लोकसंख्येने भागून पाहा, एकेका कुटुंबाच्या वाट्याला काय आलं असतं!

ते गेलं कुठे? बुडीत गुंतवणुकीत, तोट्यातल्या विमानांत, भलत्यांच्या सल्ल्याने घेतलेल्या व्यवहारांत, आणि सरकारचा रोजचा खर्च भागवण्यात. ट्रस्टच्या तारणावर कर्जं काढली गेली. सरकारं इतक्या भराभर बदलत की एकाने काय सही केली हे दुसऱ्याला कळेपर्यंत तिसरा आलेला असायचा. लोकांपुढे वेळेवर हिशेब आला नाही, आणि माझ्या मते खरा घात तिथे झाला. फॉस्फेट संपत आलं तेव्हा ट्रस्टमध्ये फारसं काही उरलं नव्हतं. मेलबर्नची इमारत २००४ मध्ये देणी भागवायला विकावी लागली. डिसेंबर २००५ मध्ये शेवटचं विमान कर्ज देणाऱ्यांनी उचलून नेलं. बेटाचा साधारण चार पंचमांश भाग खणून झाला होता. तिथे आता प्रवाळाचे उघडे सुळके आहेत, त्यांच्यामध्ये शेती करता येत नाही आणि घरही बांधता येत नाही. ऑस्ट्रेलियाला जायला निघालेल्या निर्वासितांना ठेवून घेण्याच्या बदल्यात ऑस्ट्रेलियाकडून पैसे घ्यायची पाळी या देशावर २००१ पासून आली.

त्यांच्या एका कामाबद्दल मला आदर आहे. स्वातंत्र्यापूर्वी खणलेली जमीन तशीच सोडली म्हणून त्यांनी १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. न्यायालयाने दावा ऐकायला घेतला आणि १९९३ मध्ये तडजोड होऊन ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. एवढ्या लहान देशाने एवढं करावं!

आता आपल्याकडे येते. चीनची मागणी वाढल्यावर आपली निर्यात चढत गेली; २०१०-११ मध्ये पाच कोटी टनांच्या वर माल गेला. त्या वर्षांत पतसंस्थेच्या खिडकीवर मी होते. ट्रीपांचे पैसे खात्यात जमा व्हायचे आणि त्याच आठवड्यात निघून जायचे. एका ट्रकच्या कमाईवर दुसऱ्या ट्रकचं कर्ज, आणि जामीनदार कोण, तर शेजारचा ट्रकवाला. फॉर्मवर सगळं बरोबर असायचं. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा कर्जदार आणि जामीनदार एकाच दिवशी बेकार झाले. सहा महिन्यांत वसुलीच्या नोटिसा ज्यांच्या दारात न्याव्या लागल्या, त्यांतल्या कित्येकांच्या मुलींच्या लग्नाला आम्ही जेवून आलो होतो. ही माणसं उधळी नव्हती. येणारा पैसा कमाई आहे असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं, सरकारनेसुद्धा.

तो कमाई नव्हता. माडाचे नारळ विकणं वेगळं आणि माड तोडून लाकूड विकणं वेगळं. ओर विकला की तो पुन्हा येत नाही. त्याचे पैसे म्हणजे मुद्दल, आणि खर्चायचं असेल तर त्यावरचं व्याज खर्चावं.

सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात हेच ओळखलं. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतले दहा टक्के गोवा लोहखनिज कायमस्वरूपी निधीत टाकायला लावले, पुढच्या पिढ्यांसाठी. माझं म्हणणं असं की शंभरातले दहा कमी आहेत. सरकारला मिळणारी रॉयल्टी आणि खाणींच्या लिलावाचा हिस्सासुद्धा याच निधीत जायला हवा. आज तो पैसा राज्याच्या साध्या महसुलात मिसळतो आणि पगार, समारंभ, रस्त्यांचे खड्डे यांत संपतो. सरकार म्हणेल की मग खर्च कसा भागवायचा. खाणी पूर्ण बंद होत्या त्या वर्षांत भागवलाच ना?

निधी नुसता असून भागत नाही, हे नौरूने दाखवलं आहे. निधी त्यांच्याकडेही होता. त्यांनी २०१५ मध्ये नवा निधी केला, तेव्हा त्यात ऑस्ट्रेलिया आणि तैवान यांनीही पैसे घातले आणि कारभारावर बाहेरची देखरेख स्वीकारली. आपल्याला बाहेरच्यांची गरज नाही. विधानसभा आहे, ग्रामसभा आहेत, आणि वर्तमानपत्रं आहेत.

म्हणून आपल्याला एक विनंती. दरवर्षी २१ एप्रिलला आपल्या पहिल्या पानावर या निधीची एक चौकट छापा: आरंभीची शिल्लक, वर्षात झालेला भरणा, व्याज, काढलेली रक्कम आणि ती कोणाच्या सहीने काढली, अखेरची शिल्लक. आमच्या पतसंस्थेत चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यालासुद्धा हे पाच आकडे फलकावर वाचता यायचे. आपण छापलंत तर पाळीच्या ग्रामसभेत ती चौकट वाचून दाखवायचं काम मी करीन, आणि आकडा जुळला नाही तर सरपंचांना उभं राहून विचारीन.

आपली,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी
पाळी, ता. डिचोली