शर्यतींची संख्या दाखवून वाढवलेल्या वर्गणीबाबत तक्रार

डिसेंबर 2025, नाशिक

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : वार्षिक पासच्या दरवाढीचं कारण अमान्य असल्याबाबत आणि वाढीव रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी नाशिकला इंदिरानगरात राहतो आणि अंबडच्या एमआयडीसीत नोकरी करतो. आपल्या ॲपवर सामने थेट बघण्याचा वार्षिक पास मी केवळ फॉर्म्युला वनच्या मोटार शर्यतींसाठी घेतो. या महिन्यात नूतनीकरणाचे पैसे परस्पर कापले गेले, तेही वाढीव दराने. फोन करून विचारल्यावर आपल्या प्रतिनिधीने सांगितलं, "सर, 24 रेस आणि वर 6 स्प्रिंट. एवढं दुसरीकडे कुठे मिळतं?" (स्प्रिंट म्हणजे शनिवारची छोटी शर्यत.) त्यांचं बोलणं सौजन्याचं होतं, त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती या कारणाविषयी.

पहिली गोष्ट म्हणजे संख्या वाढलेलीच नाही. 2024 मध्ये 24 शर्यती आणि 6 स्प्रिंट झाल्या, 2025 मध्येही तेवढ्याच, आणि 2026 च्या जाहीर कॅलेंडरमध्येही तेवढ्याच आहेत. मग जास्तीचे पैसे कशाचे घेतले? आणि नुसत्या आकड्यावरच किंमत ठरवायची, तर अमेरिकेच्या नॅस्कर चषक मालिकेत वर्षाला 36 शर्यती असतात. म्हणून कुणी तिला फॉर्म्युला वनच्या दीडपट मोलाची मानत नाही.

पण माझं खरं म्हणणं याहून पुढचं आहे. मला 24 शर्यती नकोच आहेत. शर्यती जितक्या वाढल्या, तितकं एकेका शर्यतीचं मोल कमी झालं.

युरोपातली शर्यत आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. रविवार असतो, घरचे सगळे सोबत बसतात, शेजारचे दोघे-तिघे येतात, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत निकाल लागलेला असतो. यासाठीच मी पैसे भरतो. यंदाची अमेरिकेतली ऑस्टिनची शर्यत मात्र आपल्या घड्याळात रात्री साडेबाराला सुरू झाली, तीही नरक चतुर्दशीच्या रात्री. दोन वाजून गेल्यावर शर्यत संपणार आणि पहाटे अभ्यंगस्नानाला उठायचं, हे कुणाला जमणार? पुढच्याच आठवड्यात मेक्सिको, रात्री दीडला, आणि सोमवारी माझी पहिली पाळी. अशा शर्यती दुसऱ्या दिवशी बघाव्यात, तर ॲप उघडताच पहिल्या चित्रात विजेता ट्रॉफी घेऊन उभा! वर्षाकाठी अशा कितीतरी शर्यतींचे पैसे मी भरतो, पण त्या माझ्यापर्यंत नीट पोचतच नाहीत.

1950 मध्ये ही स्पर्धा 7 शर्यतींनी सुरू झाली. 1988 मध्ये 16 होत्या आणि त्यातल्या 15 मॅक्लारेन संघाने जिंकल्या. जाणत्या प्रेक्षकाला आजही तो हंगाम शर्यतीगणिक आठवतो. 2012 मध्ये आकडा पहिल्यांदा 20 वर गेला. जास्त शर्यती म्हणजे जास्त चुरस, हेही खरं नाही. 1976 मध्ये 16 शर्यतींनंतर जेम्स हंट निकी लाउडाच्या एका गुणाने पुढे राहिला. 2008 मध्ये 18 शर्यती होत्या आणि हॅमिल्टनचं अजिंक्यपद ब्राझीलमधल्या इंटरलागोसच्या शेवटच्या लॅपमध्ये ठरलं, तेही एकाच गुणाने. उलट 2023 मध्ये 22 शर्यती असूनही वरस्टॅपनने कतारच्या शनिवारच्या स्प्रिंटमध्येच अजिंक्यपद खिशात घातलं. त्यानंतर 6 मुख्य शर्यती बाकी होत्या, आणि त्या मी सवयीने बघितल्या. यंदा अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीत नॉरिसने दोन गुणांनी अजिंक्यपद मिळवलं, तो शेवट अप्रतिमच होता. पण ती चुरस तीन गाड्यांच्या बरोबरीच्या वेगामुळे आली, चोविसाव्या शर्यतीमुळे नव्हे.

मी यंत्रांवर काम करणारा माणूस आहे, त्यामुळे गॅरेजमधल्या लोकांकडे माझं लक्ष जास्त जातं. लास वेगास, कतार, अबू धाबी अशा सलग तीन आठवड्यांत तीन शर्यती. वेगास आणि कतारच्या घड्याळात 11 तासांचा फरक. अंगाची घडी बसायच्या आत पुन्हा गाडी खोलायची, जोडायची. ड्रायव्हर खासगी विमानाने जातात, मेकॅनिक जात नाहीत. थकलेल्या हाताने चाकाचं नट बसवणं किती धोक्याचं असतं, हे कारखान्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि एवढी गर्दी करूनही बेल्जियममधल्या स्पासारखा जुना ट्रॅक 2028 आणि 2030 मध्ये कॅलेंडरबाहेर राहणार आहे. नव्या शहरांचे रस्ते आत आणि स्पा बाहेर, हे मनाला लागतं. भारताचं तर नावच नको. ग्रेटर नोएडाला 2011 ते 2013 एवढीच तीन वर्षं शर्यत झाली.

माझ्या मते 18 शर्यती पुरेत. मार्च ते नोव्हेंबर, एक रविवार शर्यतीचा, पुढचा मोकळा. मधल्या आठवड्यात झालेल्या शर्यतीवर बोलायला आणि पुढचीची वाट बघायला वेळ मिळतो. नाशिक हे रॅली ऑफ महाराष्ट्र या मोटार रॅलीच्या गाड्या बघत वाढलेलं शहर आहे. राष्ट्रीय रॅलीच्या वर्षभरात मोजक्याच फेऱ्या होतात, म्हणून तर इथली फेरी आली की लोक पहाटे उठून घाटात जाऊन उभे राहतात.

कॅलेंडर आपण ठरवत नाही, हे मला माहीत आहे. पण प्रक्षेपण हक्कांचे पैसे आपण देता, ते आमच्याकडून गोळा करता, आणि यजमान शहरांच्या शुल्काइतकाच त्या पैशांवरही हा पसारा उभा आहे. पुढच्या कराराच्या वेळी भारतातल्या प्रेक्षकांना एवढ्या शर्यती नको आहेत, हे आपण स्पष्ट कळवावं.

तोवर माझी वाढीव रक्कम परत करावी. मध्यरात्रीच्या शर्यतींचं पूर्ण पुनर्प्रक्षेपण निदान पुढच्या शर्यतीपर्यंत ठेवावं, आणि त्याच्या चित्रात किंवा मथळ्यात निकाल दाखवू नये. ज्यांना कमी शर्यती हव्यात, त्यांच्यासाठी निवडक शर्यतींचा स्वस्त पासही काढावा. मी तो लगेच घेईन.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं, अन्यथा मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवणार आहे.

आपला,
एक वर्गणीदार
इंदिरानगर, नाशिक