आठ नंबर

चि. गौरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज जड झाला होता. आईला सर्दी वाटली, मला कळलं. फुटबॉलच्या सरांनी तुला फॉरवर्डवरून मिडफिल्डला आणलं म्हणजे पाय कापल्यासारखं वाटत असणार. आमचीही चूक आहेच. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत आमचं आयुष्य गेलं, पण खांद्यावर घेऊन नाचलो ते गोल मारणाऱ्यालाच.

तुझ्या कपाटावर ब्राझीलच्या मार्ताचा फोटो आहे. 2015 च्या वर्ल्ड कपात कोरियाविरुद्ध तिनं पेनल्टीवर गोल मारला. वर्ल्ड कपातला तिचा पंधरावा, विक्रमी! पण ती पेनल्टी मिळाली कशी? तिच्याच टीमच्या मिडफिल्डमधल्या फोर्मिगाला पाडलं म्हणून. आणि त्याच सामन्यातला पहिला गोल फोर्मिगाचाच होता, वयाच्या 37 व्या वर्षी.

फोर्मिगा म्हणजे पोर्तुगीजमध्ये मुंगी. खरं नाव मिराइल्दिस मोता, गाव साल्वादोर. ब्राझीलमध्ये बायकांच्या फुटबॉलवर 1941 पासून 1979 पर्यंत सरकारी बंदी होती आणि ही जन्मली 1978 ला! सतराव्या वर्षी पहिला वर्ल्ड कप खेळली, एकेचाळिसाव्या वर्षी सातवा. ऑलिम्पिकही सात. त्यात अथेन्स आणि बीजिंगला रौप्य, दोन्ही वेळा अमेरिकेकडून जादा वेळेत हार. सोनं नाहीच मिळालं. मला त्याचं अजून वाईट वाटतं, उगाच कशाला लपवू?

ती करायची काय, तर समोरच्याच्या पायातला बॉल काढायचा, पुढच्याला द्यायचा आणि परत आपल्या जागी. नव्वद मिनिटं तेच. बघणाऱ्याला ती दिसायचीही नाही, पण समोरच्या मिडफिल्डला विचार.

तिचा निरोपाचा सामना तू पाहिलायस. 2021 च्या नोव्हेंबरात मनौसला, आपल्याच भारताविरुद्ध. मनीषा कल्याणनं बरोबरी केली तेव्हा तू कॉटवर उड्या मारल्यास. पुढं आपण 6-1 नं हरलो आणि तू रुसून आंघोळीला गेलीस. शेवटी शेवटी बदली म्हणून आत आली ती हीच. त्या दिवशी मीही तिच्याकडं नीट पाहिलं नाही.

आईनं तुझ्या नव्या जर्सीवर 9 शिवायला घेतलाय. फोर्मिगासारखा 8 करायचा असेल तर शुक्रवारच्या आत कळव, नंतर उसवायला ती तयार होणार नाही.

तुझा,
बाबा